फुकागावा : दोनदा जळालेल्या वस्तीचे घर

आमच्या ग्वाल्हेरात पाहुणा आला, की त्याला जयविलास राजवाड्यातील संग्रहालय दाखवण्याची रीत आहे. जेवणाच्या मेजावर रुळांवरून फिरणारी चांदीची आगगाडी आणि दरबार दालनातली ती दोन अवजड झुंबरे यांचे वर्णन करता करता प्रस्तुत लेखकाची साठी उलटली. मात्र त्या दरबाराच्या दफ्तरांत ज्यांनी पिढ्यान् पिढ्या लेखणी झिजवली, ती लष्करातली मराठी कुटुंबे कोणत्या पाटावर बसून, कोणत्या दिव्याच्या उजेडात जेवत होती, हे दाखवणारी जागा आपल्याला कुठे आढळली नाही, ही गोष्ट कधी मनाला लागली नव्हती. ती लागली जवळजवळ सहा हजार किलोमीटर दूर, तोक्यो शहरातल्या एका लहानशा संग्रहालयात.

२०१९ च्या वसंतात मुलीकडे दोन महिने राहण्याचा योग आला. तोक्योच्या पूर्वेस एदोगावा प्रभागात निशी-कासाई नावाचा भाग आहे. तिथे भारतीय कुटुंबांची बरीच वस्ती आहे. मुलगी तिथेच राहते. देवळे, बगीचे, मनोरे असे सगळे यथासांग पाहून झाले होते. एका पावसाळी सकाळी ती म्हणाली, "बाबा, आज तुम्हाला एक घर दाखवते. राजाचे नाही, शिंपले विकणाऱ्याचे." नऊ वर्षांची नात बरोबर होती. मोन्झेन-नाकाचो येथे गाडी बदलून, एक स्थानक पुढे कियोसुमी-शिराकावा येथे उतरलो आणि थोडे चालून फुकागावा एदो संग्रहालयाच्या दाराशी आलो.

हे संग्रहालय कोतो प्रभागाने १९८६ साली उघडले. बाहेरून इमारत साधी, एखाद्या पालिकेच्या वाचनालयासारखी. आत गेल्यावर मात्र माणूस थबकतो, कारण समोर काचेची कपाटे नसतात, तर पायाखाली छपरे असतात. इमारतीचा मधला भाग तळघरापासून वरपर्यंत मोकळा ठेवून त्यात एक अख्खा मोहल्ला उभा केला आहे. आपण वरून त्याची छपरे पाहतो आणि मग जिना उतरून त्याच्या रस्त्यावर येतो. तेल आणि खतांच्या घाऊक व्यापाऱ्याची पेढी, भाजीवाल्याचे दुकान, तांदूळ सडून देणाऱ्याचे दुकान, जाड भिंतींचे कोठार, कालव्याकाठी होड्यांची खानावळ, आगीवर नजर ठेवण्याचा उंच मनोरा आणि या सर्वांच्या मागे, अरुंद बोळात, गरिबांच्या खोल्यांची रांग. वरचा प्रकाश हळूहळू पालटतो. कोंबडा आरवतो, फेरीवाल्याची आरोळी येते, दिवस कलतो, अंधारते आणि पुन्हा उजाडते. एका छपरावर मांजर बसवले आहे, ते मधूनच ओरडते. नातीला संग्रहालयातले सर्वांत महत्त्वाचे रहिवासी तेच वाटले.

हा मोहल्ला म्हणजे फुकागावातील सागा-चो ही वस्ती आणि काळ तेन्पो कालखंडाच्या अखेरचा, म्हणजे १८४० नंतरच्या दोन-चार वर्षांचा. ग्वाल्हेरकराला तो काळ वेगळा सांगावा लागत नाही. १८४३ च्या डिसेंबरात महाराजपूर आणि पनियार येथे शिंद्यांच्या फौजेची इंग्रजांशी गाठ पडली, तेव्हा इकडे या बोळात कोणीतरी चूल फुंकत होते. जपानची दारे त्या वेळी बहुतेक जगाला बंद होती. तोक्योचे नाव तेव्हा एदो होते, आणि एदोची लोकसंख्या अठराव्या शतकातच दहा लाखांच्या पुढे गेली होती असे मानतात. त्यातली निम्मी माणसे सरदार-शिलेदार वर्गाची आणि निम्मी सामान्य नागरिक. शहराची सुमारे सत्तर टक्के जमीन पहिल्या निम्म्यांकडे होती. देवळे-मठ वजा जाता जो सहावा-सातवा हिस्सा उरे, त्यात कारागीर, दुकानदार, हमाल, फेरीवाले असे पाच लाख लोक दाटीवाटीने राहत.

फुकागावाची जमीन मुळात जमीनच नव्हती. सुमिदा नदीच्या पूर्वेचा हा दलदलीचा, समुद्राच्या भरतीचा प्रदेश. १६५५ साली शोगुनच्या सरकारने हुकूम काढला की शहरातला कचरा होड्यांतून नेऊन एइताई बेटाजवळच्या किनाऱ्यावर टाकावा. त्या कचऱ्याची भर आणि कालवे खणताना निघालेली माती यांवर हळूहळू वस्त्या उभ्या राहिल्या. १६९८ मध्ये एइताई पूल झाला, कोठारे आली, तांदूळ, तेल आणि सुकवलेल्या मासळीच्या खताचा व्यापार आला, आणि त्यामागोमाग ओझी उचलणारे हात आले. बाशो हा थोर कवी १६८० पासून याच भागात एका झोपडीत राहत होता. पाण्याची मात्र कायमची ओढ. विहिरीचे पाणी मचूळ, धुण्याभांड्यापुरते. १७२२ मध्ये या बाजूचा नळाचा पाट बंद झाल्यावर, नदीपलीकडल्या पाटाचे वाहून जाणारे जादा पाणी होड्यांत भरून इकडे आणीत आणि पिण्याचे पाणी घागरींनी विकत घ्यावे लागे.

अशा बोळातल्या घराला जपानीत 'नागाया' म्हणतात, म्हणजे लांब घर. आपण चाळ म्हणू. एका कुटुंबाच्या खोलीचे रूढ माप नऊ फूट रुंद आणि बारा फूट खोल. त्यातला पुढचा भाग मातीचा. तिथे चूल, पाण्याचे पिंप आणि चपला. उरलेल्या भागात साडेचार चटया मावतील एवढी बैठक. तिथेच जेवण, तिथेच काम, तिथेच झोप. बोळाच्या मधोमध गटार, त्यावर फळ्या. टोकाला सामाईक विहीर, कचऱ्याची पेटी, इनारी देवतेचे छोटे देऊळ आणि सामाईक शौचकूप, ज्याचे दार खालच्या अर्ध्या भागापुरतेच. या शौचकूपातला मैलाही वाया जात नसे. आसपासचे शेतकरी तो खतासाठी विकत नेत आणि ते पैसे चाळीची देखरेख करणाऱ्या कारभाऱ्याला मिळत. भाडे गोळा करणारा, भांडणे मिटवणारा, प्रसंगी चौकीवर जामीन राहणारा हा कारभारी भाडेकरूंना बापाच्या ठिकाणी मानावा, अशी म्हणच एदोत होती.

संग्रहालयाने प्रत्येक खोलीला एक रहिवासी नेमून दिला आहे. एकीत शिंपले सोलून विकणारा एकटा पुरुष, दुसरीत नावाडी आणि त्याचे कुटुंब, तिसरीत शामिसेन शिकवणारी बाई. जोडे काढून आत जाता येते, चटईवर बसता येते, वस्तू हातात घेता येतात. आम्ही शिंपलेवाल्याच्या खोलीत शिरलो. खांद्यावरची काठी भिंतीशी टेकवलेली, टोपल्या उपड्या ठेवलेल्या. चुलीजवळ बांबूची विणलेली एक लहान पाटी होती. नातीने ती उचलून विचारले, "आजोबा, हे काय?" आणि तोंडातून शब्द निघाला, "रोवळी." पन्नास वर्षांत हा शब्द उच्चारण्याची वेळ आली नव्हती. मुलीने विचारले, "रोवळी म्हणजे?" तेव्हा लक्षात आले, की तांदूळ धुवायची रोवळी तिने आमच्या घरात कधी पाहिलीच नाही.

खोलीत बसल्यावर जी गोष्ट जाणवते, ती म्हणजे वस्तूंचे अल्पत्व. एक घडी केलेले अंथरूण, एक कागदी कंदील, दोन-चार वाडगी, एक पेटी. हे दारिद्र्य होतेच, पण नुसते दारिद्र्य नव्हते. एदोत घरे वरचेवर जळत. आग आणि मारामारी ही एदोची फुले, असे तिथले लोक अभिमानाने आणि हताशपणे म्हणत. चाळी बांधायच्या त्या जळणार हे धरून, हलक्या लाकडात. व्यापाऱ्याचा माल जाड गिलाव्याच्या कोठारात सुरक्षित राही. भाडेकरूला जे अंगावर घेऊन पळता येईल तेवढेच त्याचे. म्हणून पुष्कळशा गोष्टी तो विकत घेतच नसे. अंथरूण, मच्छरदाणी, समारंभाचे कपडे, एवढेच काय लंगोटसुद्धा भाड्याने देणारी दुकाने शहरात होती.

आणि जे स्वतःचे असे, ते शेवटच्या धाग्यापर्यंत वापरले जाई. किमोनो सरळ पट्ट्यांचा शिवलेला असतो; तो उसवून, धुऊन, ताणून पुन्हा शिवीत. मोठ्याचा झिजला की त्यातून लहान मुलाचा, मग बाळाची दुपटी, मग पुसणे, आणि पुसण्याचाही जीव गेला की चुलीत. चुलीतली राखसुद्धा विकत घेणारा माणूस दारावर येई. ती शेतात आणि रंगाऱ्याकडे जाई. फुटलेले चिनी मातीचे भांडे काचेच्या लेपाने भाजून सांधणारा, भोके पडलेली कढई बुजवणारा, पिंपाला नवी कडी घालणारा, मोडक्या छत्र्या गोळा करणारा, रद्दी नेणारा, मेणबत्तीचे वितळून सांडलेले मेण वजनावर घेणारा, असे प्रत्येकाचे वेगळे फेरीवाले. मोडक्या छत्रीचा तेलकट कागद सोडवून मासळी बांधायला वापरीत. हे ऐकताना कल्हईवाल्याची आरोळी आणि बोहारणीशी चाललेली आईची घासाघीस कानात घुमू लागल्यास नवल नाही. आमची गोधडीही अशीच आजीच्या लुगड्याची चौथी अवस्था होती.

इथेच एक साधी गोष्ट ध्यानात आली, जी इतिहासाचा विद्यार्थी म्हणवून घेणाऱ्याला फार आधी कळायला हवी होती. संग्रहालयात पोचते ती वस्तू बहुधा कमी वापरलेली असते. सणावाराला काढलेले, एरवी पेटीत ठेवलेले, श्रीमंताच्या कोठारात सांभाळलेले, ते टिकते. शिंपलेवाल्याचा किमोनो राख होऊन मुळ्याच्या वाफ्यात गेला. तो कोणाच्या कपाटात येणार? त्याच्या आयुष्याचा पुरावा त्यानेच वापरून संपवला. म्हणून राजांचा इतिहास वस्तूंनी सांगता येतो, आणि त्यांच्या कारकुनांचा, हमालांचा इतिहास सांगायचा तर वस्तू आधी नव्याने कराव्या लागतात.

फुकागावाच्या बाबतीत तर हे अक्षरशः खरे आहे. १६५७ च्या महाआगीत एदोचा मोठा भाग भस्म झाला. मृतांचा परंपरागत आकडा एक लाखापर्यंत जातो. पुढेही आगी लागतच राहिल्या. पण तेव्हा वस्ती त्याच नमुन्यावर पुन्हा उभी राही. १ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारी बाराला दोन मिनिटे कमी असताना भूकंप झाला. घरोघरी जेवणाच्या चुली पेटलेल्या होत्या. तोक्यो आणि योकोहामा परिसरात मृत आणि बेपत्ता मिळून एक लाखाहून अधिक माणसे गेली, बहुतेक आगीत, आणि नदीच्या पूर्वेकडच्या या सखल वस्त्यांचा सर्वाधिक नाश झाला. लोकांनी पुन्हा घरे बांधली. बावीस वर्षांनी, १० मार्च १९४५ च्या मध्यरात्रीनंतर, सुमारे तीनशे अमेरिकी बी-२९ विमानांनी याच भागावर आगलावे बाँब टाकले. एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे मेली. फुकागावा, होन्जो, आसाकुसा इथे सकाळी उभे असे फार थोडे उरले.

तेव्हा आपण ज्या मोहल्ल्यात उभे आहोत, त्यातली कोणतीही भिंत १८४० ची नाही. जुने नकाशे, कागदपत्रे, चित्रे यांच्या आधाराने, पारंपरिक पद्धतीने काम करणाऱ्या सुतारांकडून तो उभारला आहे. काही पंडितांना अशा पुनर्रचनेचे वावडे असते. खरी वस्तू नाही ते संग्रहालय कसले, असे ते विचारतात. आक्षेप अगदीच खोटा नाही. या बोळात दुर्गंधी नाही, डास नाहीत, तान्ह्या बाळाचे रडणे नाही. पांढरा सडीचा तांदूळ खाऊन एदोकरांना जो पाय सुजण्याचा रोग होई आणि ज्याला ते 'एदोचे दुखणे' म्हणत, तो चटईवर बसून कळत नाही. तरीही जिथे दोनदा सर्वस्व जळाले, तिथल्या माणसांनी आपल्या गल्लीची आठवण उभी करताना गढी किंवा देऊळ न निवडता शौचकूप, कचऱ्याची पेटी आणि नऊ फुटांची खोली निवडावी, याला मोल आहेच.

बोळात एक वृद्ध स्वयंसेविका भेटल्या. आम्ही रोवळीवरून काय बोलतो आहोत, हे त्यांनी मुलीकडून समजून घेतले. त्यांना फार आनंद झाला. भारतातही अशीच टोपली, तीही तांदळासाठीच! मग त्यांनी अतिशय आदराने विचारले, "तुमच्या घरी ती अजून जपून ठेवली असेल ना?" मुलीने प्रश्न मराठीत सांगितला आणि माझ्याकडे पाहिले. मी "हो" म्हणालो. ते खोटे होते.

वाचकहो, आमचा लष्करातला वाडा १९९८ साली पाडला. न भूकंप झाला, न बाँब पडला. चार भावांच्या वाटण्या झाल्या, बांधकाम करणारा आला आणि सामान हलवायला पंधरा दिवस मिळाले. दागिने, चांदीची भांडी, देव्हारा यांच्या याद्या झाल्या, वाटे झाले, थोडे रुसवेही झाले. माजघर आणि स्वयंपाकघर यांतले बाकीचे सामान मी स्वतः कबाड्याला दिले. तांब्या-पितळेचे वजन झाले. लाकडाचे आणि दगडाचे वजनही झाले नाही. ते त्याने उपकार म्हणून उचलले. त्यात पाटा-वरवंटा होता, जाते होते, उखळ होते, सोवळ्याची वळणी होती, दुभत्याचे शिंके होते. मी निवृत्त इतिहास-शिक्षक. पानिपतच्या तहानामांवर वाद घालणाऱ्या माझ्या हातून हे झाले, आणि त्या दिवशी वाईटही वाटले नाही.

असे वाईट वाटण्यासाठी एक दृष्टी लागते, आणि ती जपानातही आपोआप आलेली नाही. १९२३ च्या भूकंपानंतर कोन वाजिरो (१८८८–१९७३) हा वास्तुशास्त्राचा अध्यापक वही घेऊन भग्न शहरात फिरला. लोकांनी पत्र्या-फळ्यांच्या उभ्या केलेल्या झोपड्यांची त्याने चित्रे काढली. पुढे रस्त्यावरच्या माणसांचे पोशाख मोजले, आणि नुकताच संसार मांडलेल्या एका जोडप्याच्या घरातल्या झाडून साऱ्या वस्तूंची चित्रांसह यादी केली. त्याच दशकाच्या आरंभी, १९२१ मध्ये, शिबुसावा केइझो (१८९६–१९६३) या बँकर घराण्यातल्या तरुणाने आपल्या घराच्या माळ्यावर खेळणी आणि मग खेड्यातली अवजारे, जोडे, टोपल्या जमवायला सुरुवात केली. हा गृहस्थ पुढे बँक ऑफ जपानचा गव्हर्नर आणि युद्धानंतर अर्थमंत्री झाला. पण त्याच्या माळ्यावरचा संग्रह ओसाकाच्या राष्ट्रीय मानववंश संग्रहालयाच्या मूळ ठेव्यांपैकी एक ठरला. ते संग्रहालय १९७७ साली उघडले.

शिबुसावा ज्या वर्षी जन्मला, त्याच १८९६ साली जन्मलेला एक माणूस आपल्याकडेही होता, हे इथे नमूद केले पाहिजे. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर. 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणाऱ्या केळकरांनी १९२० च्या सुमारापासून दिवे, अडकित्ते, दौती, भांडी, वज्री, दाराच्या चौकटी जमवल्या. लहानपणी गेलेल्या मुलाच्या नावाने त्या संग्रहाला 'राजा' हे नाव दिले आणि पुढे सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यांच्या वस्तू सुंदर आहेत, घडणीच्या आहेत. शिंपलेवाल्याच्या टोपलीपेक्षा त्यांची जात वेगळी. पण बायकांच्या हातातली वस्तू इतिहासाची आहे, हे त्यांनी जपानातल्या आपल्या समवयस्काइतकेच लवकर ओळखले होते. अशा केळकरांचे संग्रहालय आम्ही दोनदा पाहिले, वाखाणले आणि ग्वाल्हेरला परत येऊन आमचे जाते कबाड्याला दिले.

जपानहून परतल्यावर दुसरे काही करता येण्याजोगे नव्हते, म्हणून कोन वाजिरोचा मार्ग धरला. एक वही घेतली आणि पाडलेल्या वाड्यातल्या वस्तू खोलीखोलीने लिहून काढू लागलो: वस्तू, ती कुठे असे, कोण वापरी, तिचे काय झाले. ओसरीच्या सत्तावीस झाल्या. स्वयंपाकघर अडखळले, कारण पुरुषांना तिथले फारसे ठाऊक नसते. माजघरातल्या खांबाशी एक उंच लाकडी वस्तू होती, तिच्यावर तेलाचा दिवा ठेवीत. तिचे चित्र काढता आले, नाव आठवेना.

आमच्या आत्या तेव्हा ब्याण्णव वर्षांच्या होत्या, उज्जैनला मुलाकडे. नजर गेलेली, कान शाबूत. मी वही घेऊन गेलो आणि त्या वस्तूचे वर्णन केले. त्या लगेच म्हणाल्या, "ठाणवई रे ती. आईने माहेराहून आणलेली. साताऱ्याहून येताना वाटेत तिचा पाय मोडला, तर बाबांनी इथल्या सुताराकडून शिसवीचा बसवून घेतला. तीन पाय सागवानी आणि एक काळा. पाहिला नाहीस का कधी?" मी पाहिला होता. काळा पाय मला स्पष्ट आठवला. तो का काळा, हे विचारावेसे कधी वाटले नव्हते. नंतर त्यांनी विचारले, "आता कोणाकडे आहे?"

या वेळी खोटे बोललो नाही. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. पुढचं लिही. ठाणवईच्या डाव्या हाताला कोनाडा होता, त्यात वाती वळायची परडी..." त्या दिवशी त्यांनी एकशे चौदा वस्तू सांगितल्या. वही आता माझ्या मुलीने नकलून घेतली आहे. आपल्या मंडळाच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशा आत्या, मावश्या, काकू अजून आहेत, त्यांनी एक वही विकत घ्यावी, एवढेच सुचवावेसे वाटते.